गिरणी न येता आलेले आधुनिक युग: गोव्याचा समाज कसा बदलत गेला

आधुनिक युगाचा इतिहास शिकवताना दोन क्रांत्यांची जोडी पुढे केली जाते. पहिली राजकीय: १७८९ साली फ्रान्समध्ये राजसत्तेविरुद्ध उठाव झाला आणि प्रजेचे नागरिक झाले. दुसरी औद्योगिक: इंग्लंडमध्ये वाफेवर गिरण्या चालू लागल्या, खेड्यांतली माणसे शहरांत आली आणि जमीनदार व कूळ या जुन्या नात्याच्या जागी मालक व कामगार हे नवे नाते आले. पॅरिस आणि मँचेस्टर यांच्यापुरती ही मांडणी बरीचशी बरोबर आहे. मुंबईलाही ती थोडीफार लागू पडते, कारण तिथे खरोखरच गिरण्या उभ्या राहिल्या. गोव्याला ती लावायला गेले, तर मात्र पहिल्याच पायरीवर अडते. इथे कापडाची गिरणी आली नाही, पोलादाची भट्टी पेटली नाही, आणि ज्या राजकीय उलथापालथींनी इथले कायदे बदलले त्यांपैकी बहुतेक हजारो मैलांवर घडल्या. तरीही १८२० सालचा गोवा आणि १९८० सालचा गोवा यांच्यात जो फरक पडला, तो कोणत्याही गिरणीच्या शहरात पडलेल्या फरकापेक्षा कमी खोल नाही.

हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी एकच सूत्र हाती धरले तर पुष्कळ गोष्टी जुळून येतात. गोव्यात कायदे आधी बदलले, मग माणसे बाहेर पडली, त्यानंतर पैसा आला आणि जमीन सर्वांत शेवटी हलली. जोवर जमीन हलली नाही, तोवर प्रत्येक राजकीय क्रांतीचा लाभ वरच्या थरातच फिरत राहिला, आणि खालच्या माणसाला वर येण्यासाठी गाव सोडणे एवढाच मार्ग उरला.

राजे बदलले, भाटकार तेच

आधी गावाची रचना पाहू. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतर तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हा किनाऱ्यालगतचा भाग पोर्तुगिजांकडे आला. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग त्यांना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तब्बल अडीच शतकांनंतर मिळाला. या नव्या काबिजादी. जुन्या भागात धर्मांतर आणि धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, अंमल अनुभवास आला होता. नव्या भागात मात्र देवळे व रूढी यांना हात लावणार नाही, असे आश्वासन देऊनच सत्ता आली. एकाच गोव्यात दोन वेगवेगळ्या काळांचे समाज शेजारी शेजारी नांदत होते, ते त्यामुळेच.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान होती. गावची बरीचशी जमीन गावकारीची, म्हणजे मूळ गावकरी घराण्यांच्या सामाईक मालकीची होती. ती लिलावाने कसायला दिली जाई, उत्पन्नातून बांधबंदिस्ती व देवालयांचा वा चर्चचा खर्च भागे, आणि उरलेला पैसा गावकऱ्यांत ‘जोण’ म्हणून वाटला जाई. बाकीची जमीन भाटकारांची, म्हणजे खासगी जमीनदारांची. ती कसणारे कूळ वेगळे आणि भाटात, म्हणजे जमीनदाराच्या बागायतीत, झोपडे बांधून राहणारा मुंडकार आणखी वेगळा. मुंडकाराने माडांची राखण करायची, बोलावले की कामाला जायचे आणि भाटकाराची मर्जी सांभाळायची, कारण घर त्याचे असले तरी घराखालची जमीन त्याची नव्हती. माणूस हिंदू असो की ख्रिस्ती, या उतरंडीत फारसा फरक पडत नव्हता.

या समाजावर बाहेरून पहिला मोठा धक्का आला तो पोर्तुगालच्या क्रांतीचा. नेपोलियनच्या फौजा १८०७ मध्ये पोर्तुगालवर चालून आल्या, तेव्हा राजदरबार जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेला. पुढच्याच वर्षी ब्राझीलची बंदरे परकीय व्यापाराला खुली झाली आणि पोर्तो, लिस्बन येथल्या व्यापाऱ्यांची मक्तेदारी संपली. देशाची सूत्रे ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या हाती गेली. या असंतोषातून १८२० मध्ये पोर्तो शहरात उदारमतवाद्यांनी उठाव केला आणि राजाला संविधान मान्य करावे लागले. नव्या संसदेत वसाहतींचेही प्रतिनिधी असावेत असे ठरले, म्हणून १८२२ मध्ये गोव्यात निवडणूक झाली. निवडून आलेल्यांत बर्नार्दो पेरिस द सिल्व्हा आणि कोन्स्तान्सियू रोक द कोस्ता हे गोमंतकीय होते. आशियात संसदीय निवडणूक ही कल्पनाही ज्या काळी अपूर्वाईची होती, त्या काळी गोव्यातून पोर्तुगालच्या संसदेवर माणसे पाठवली जात होती. याचा अभिमान आपल्याकडे अनेकांना वाटतो, आणि तो वाटण्यात गैर काही नाही. पण मत देणारे कोण होते, हे त्याबरोबरच विचारले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मताचा हक्क बहुतांशी उत्पन्न आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला राहिला. भाटकाराला मत मिळाले, मुंडकाराला मिळाले नाही.

पेरिस द सिल्व्हा यांचे पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे हा बदल किती उथळ पाण्यातला होता ते कळते. १८३५ च्या जानेवारीत ते गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, म्हणून पणजीत आले. स्थानिक माणूस या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. लष्करातल्या व नोकरशाहीतल्या युरोपीय वंशाच्या मंडळींना हे सहन झाले नाही. अवघ्या सतरा दिवसांत बंड होऊन त्यांना पदावरून हटवण्यात आले आणि त्यांनी मुंबईचा रस्ता धरला.

त्याच सुमारास लिस्बनच्या उदारमतवादी सरकारने साऱ्या साम्राज्यातले धार्मिक संघ बरखास्त केले. जुन्या गोव्यात मोन्ते टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चचा जो अर्धा मनोरा आज उभा दिसतो, तो या निर्णयाची साक्ष आहे. १८३५ मध्ये संघाची माणसे निघून गेली, इमारत ओस पडली, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग खाली आला. संघांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, पण त्या कसणाऱ्या कुळांना त्याचा काही लाभ झाला नाही. त्यांच्या दृष्टीने खंड घेणारा हात बदलला, एवढेच.

नव्या काबिजादींत या काळाचा अनुभव आणखी वेगळा होता. तिथे आधुनिक राज्य आले ते करवसुलीच्या आणि जुन्या हक्कांत हस्तक्षेपाच्या रूपाने. सत्तरीच्या दिपाजी राणे यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन जो लढा उभारला, तो १८५५ पर्यंत चालला आणि सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्यास नकार देऊन स्थानिक सैनिकांनी बंड केले, तेव्हाही राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पोर्तोचे व्यापारी आणि सत्तरीचे राणे दोघेही एकाच शतकात राज्यसत्तेशी झगडले. पहिल्यांना नवे हक्क हवे होते, दुसऱ्यांना जुने हक्क टिकवायचे होते.

मीठ, रेल्वे आणि मुंबईची वाट

औद्योगिक क्रांती गोव्यात कारखान्याच्या रूपाने आली नाही, ती एका कराराच्या रूपाने आली. तो करार म्हणजे १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह. गोव्याच्या सामाजिक इतिहासात त्याला जे स्थान मिळायला हवे, ते अजून मिळालेले नाही असे माझे मत आहे. इन्क्विझिशनवर वाद घालायला आपण कधीही तयार असतो, पण गोव्यातल्या किती घरांची दिशा या कोरड्या वाटणाऱ्या कागदाने बदलली, याची चर्चा क्वचितच होते.

तहाची पार्श्वभूमी अशी. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि तो सरकारच्या उत्पन्नाचा भरवशाचा भाग होता. गोव्यात मीठ स्वस्त. आगरवाडा, नेरूल, बाती, सांताक्रूझ या भागांतल्या मिठागरांतून निघालेले मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जात असे, आणि त्यातले बरेचसे चोरून जात असे. ताडी-माडीच्या दारूचीही तीच गत. इंग्रजांना ही गळती बंद करायची होती. पोर्तुगालला पैसा हवा होता, आणि मुरगावचे नैसर्गिक बंदर रेल्वेने दख्खनच्या पठाराला जोडले तर गोव्याचे जुने वैभव परत येईल अशी आशाही होती. म्हणून सौदा ठरला. दोन्ही प्रदेशांतली जकात एक झाली, गोव्यातल्या मीठ-उत्पादनावर आणि विक्रीवर इंग्रजांचे नियंत्रण आले, अबकारी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर बसवण्यात आली, आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. तह १८८० पासून बारा वर्षे अमलात होता.

ज्याच्या नावे मिठागर होते त्याला भरपाई मिळाली. मिठागरात पावलांनी चिखल तुडवून वाफे बांधणाऱ्या आणि भर उन्हात मीठ ओढणाऱ्या मिठगावड्याला भरपाई कोण देणार? त्याचे कामच गेले किंवा आक्रसले. रेंदेराची, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याची, कथा अशीच. माड छेदायचा तर प्रत्येक झाडावर कर आला. एका माडामागे होणाऱ्या मिळकतीतून भाटकाराचा वाटा आधीच जात होता, त्यात सरकारचा वाटा वाढला आणि धंदा परवडेनासा झाला. माड, मीठ आणि भात यांवर उभे असलेले किनाऱ्यावरचे अर्थकारण असे दोन बाजूंनी कातरले गेले.

रेल्वे आली ती याच तहाच्या आधारावर. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी लंडनच्या भांडवलावर उभी राहिली, पोर्तुगालने तिला व्याजाची हमी दिली, आणि इंग्रजांकडून येणारे चार लाख रुपये या हमीकडेच वळवले गेले. म्हणजे मिठागरे आवळून मिळालेला पैसा रेल्वेच्या भागधारकांना जात होता. मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८८ पर्यंत पूर्ण झाला. कुळ्यापासून दूधसागरच्या बाजूने घाट चढणारा तो भाग अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे, यात शंका नाही. पण ज्या मालासाठी हा खटाटोप केला, तो अपेक्षेइतका आलाच नाही. दख्खनचा कापूस बहुतांशी मुंबईकडेच जात राहिला, कंपनी तोट्यात गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे सोपवावा लागला.

माल आला नाही, तरी माणसे गेली. ज्या रुळांवरून कापूस खाली यायचा होता, त्या रुळांवरून आणि पणजीच्या आगबोटींतून बार्देश-सासष्टीची तरुण मुले मुंबईला, पुण्याला, कराचीला आणि तिथून पूर्व आफ्रिकेला निघाली. ती कोणती कामे करू शकली, यालाही इतिहास आहे. चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, म्हणून वादक तयार होते. खाण्यापिण्याचे निर्बंध नसल्यामुळे साहेबाच्या स्वयंपाकघरात आणि जहाजाच्या भटारखान्यात ख्रिस्ती गोंयकाराला सहज काम मिळे. ज्या शाळा धर्मप्रसारासाठी काढल्या होत्या, त्यांनी तीनशे वर्षांनी स्थलांतराची शिदोरी पुरवली. हे कोणी योजलेले नव्हते.

मुंबईत धोबी तलाव, माझगाव, डोंगरी या भागांत या माणसांनी ‘कूड’ नावाची व्यवस्था उभी केली. एका गावच्या लोकांनी मिळून चाळीत एक-दोन खोल्या घ्यायच्या आणि त्या गावच्या कोणालाही तिथे नाममात्र भाड्यात उतरू द्यायचे. भिंतीलगत ओळीने लावलेल्या लोखंडी पेट्या, प्रत्येक सदस्याची एक पेटी. बोटीवर गेलेल्याची पेटी महिनोन् महिने तिथेच राही आणि तिला कोणी हात लावत नसे. खोलीच्या एका टोकाला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि रात्री त्याच जमिनीवर चटया पसरून झोप. गावातले भेद कूडातही पुष्कळदा सोबत आले, ही गोष्टही खरी आहे. पण तिथे भाटकार नव्हता. मुंडकाराच्या मुलाला खानसाम्याचा किंवा बँडवाल्याचा पगार मिळू लागला आणि त्याची मनीऑर्डर गावी आली की त्याच्या घरच्यांना भाटकाराच्या दारात उभे राहण्याची गरज कमी झाली. तियात्र हा आज अस्सल गोव्याचा वाटणारा नाट्यप्रकारसुद्धा १८९२ मध्ये जन्मला तो मुंबईत.

याचा आकडा पाहायचा तर जनगणनेत पाहावा. १९१० मध्ये गोव्याची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या थोडी वर होती, आणि १९६० मध्ये ती सुमारे पाच लाख नव्वद हजार भरली. पन्नास वर्षांत वाढ जेमतेम लाखाची. जन्माला येणारी माणसे बाहेर जात होती.

प्रजासत्ताकाची सोळा वर्षे

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. गोव्यातल्या हिंदूंच्या दृष्टीने १९६१ च्या आधीची ही सर्वांत महत्त्वाची तारीख म्हणावी लागेल. तोवर कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता आणि सरकारी नोकरीचे दरवाजे हिंदूंना जवळजवळ बंदच होते. १९११ मध्ये राज्य आणि चर्च यांची फारकत करणारा कायदा झाला आणि धर्म हा नागरिकत्वाच्या आड येईनासा झाला. १७६१ मध्ये पोर्तुगालच्या मार्केज द पोंबाल या मंत्र्याने ख्रिस्ती प्रजाजनांना वर्णभेदाविना समान लेखण्याचा हुकूम काढला होता. तीच समानता हिंदूंपर्यंत पोहोचायला दीडशे वर्षे लागली.

या सोळा वर्षांत मराठी वाचणाऱ्या गोव्याने जो वेग घेतला, तो थक्क करणारा आहे. गावोगावी मराठी शाळा निघाल्या, वाचनालये उघडली, नाट्यमंडळ्या स्थापन झाल्या. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये सुरू केलेल्या ‘भारत’ पत्राने सरकारवर निर्भीडपणे टीका केली. हिंदू तरुण लिसेवात, म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालयात, आणि वैद्यकीय विद्यालयात दिसू लागले. यांतले बहुसंख्य सारस्वत-ब्राह्मण घरांतले होते, हे नमूद करणे भाग आहे. देवळांवर ज्यांचे महाजनकी हक्क होते, व्यापार व जमीन ज्यांच्याकडे होती, त्यांनाच नव्या समतेचे पहिले हप्ते वसूल करता आले.

अपवाद होता तो कलावंत समाजाचा. देवळाच्या सेवेला बांधलेल्या या घराण्यांतल्या स्त्रियांनी गाणे जपले होते, पण प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी याच काळात या प्रथेविरुद्ध समाजाला आतून जागे केले, शिक्षणावर भर दिला आणि समाजाची संघटना बांधली. दुसरीकडे मुंबई होतीच. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांना गायिका म्हणून जो मान मिळाला, तो गावातल्या देवळाच्या चौकात मिळाला नसता. इथेही तेच घडले: कायद्याने दार किलकिले केले, पण त्यातून पलीकडे जायला गाव सोडावा लागला.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा उल्लेख टाळता येणार नाही. ती १८७० पासून गोव्यात लागू आहे आणि कुटुंबविषयक बाबतींत आजही चालते. वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते, मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा मिळतो आणि मृत्युपत्राने सगळी मालमत्ता परक्याला देता येत नाही. समान नागरी कायद्यावरच्या चर्चेत गोव्याचे उदाहरण दिले जाते ते यामुळे. अर्थात ज्याच्या नावावर वाटून घेण्यासारखे काही होते, त्याच्यासाठीच या तरतुदींना अर्थ होता.

१९२६ मध्ये लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पाठोपाठ हुकूमशहा सालाझार आले, आणि १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम स्थानी ढकलले. वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉरशिप बसली, सभा बंद झाल्या, लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्याव्या लागत. डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावला बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांची पहिली मागणी नागरी स्वातंत्र्याची होती, ती या पार्श्वभूमीवर.

लाल मातीचा पैसा

दुसऱ्या महायुद्धात जपानचे पोलाद-कारखाने उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा उभे करायचे तर लोहखनिज हवे, आणि जपानकडे ते नव्हते. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांच्या डोंगरांत ते भरपूर होते. प्रत फार उंची नसली, तरी एक मोठी सोय होती: खाणीपासून काही मैलांवर मांडवी किंवा झुआरी, नदीकाठी धक्का, धक्क्यावरून बार्ज, आणि बार्जमधून सरळ मुरगावच्या जहाजात. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या खाण-कायद्याखाली खाणपट्टे दिले होते, आणि ते कायमचे होते. पन्नासच्या दशकात जपानी यंत्रे व जपानी कर्ज यांच्या बळावर उत्खनन वाढले आणि वर्षाची निर्यात काही लाख टनांवरून काही दशलक्ष टनांवर गेली.

याच दशकात भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, आणि १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर सरहद्द व रेल्वे बंद पडली. कोंडीने गोवा नमेल असा हिशेब होता. खनिजाच्या परकीय चलनाने तो चुकवला. बटाटे हॉलंडहून आले, बाजारात युरोपीय साबण, घड्याळे, रेडिओ आणि मोटारी दिसू लागल्या. त्या काळच्या स्वस्ताईच्या आठवणी अजूनही जुन्या घरांत निघतात. त्या खऱ्या असतात, फक्त त्या कोणत्या घरांत निघतात याकडे लक्ष द्यावे. टोपलीने खनिज वाहणाऱ्या बाईच्या घरात त्या निघत नाहीत.

समाजाच्या दृष्टीने खाणींनी केलेली मोठी गोष्ट वेगळीच आहे. चारशे वर्षांत प्रथमच असा धनिक वर्ग तयार झाला, ज्याची श्रीमंती भाताच्या खंडावर किंवा नारळाच्या पाडणीवर अवलंबून नव्हती. चौगुले, धेंपो, साळगावकर, तिंबलो ही नावे याच काळात पुढे आली. आणि त्याच वर्गात दयानंद बांदोडकर होते.

कसेल त्याची जमीन

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क असलेली पहिली विधानसभा निवडणूक झाली. १८२२ पासून चालत आलेल्या मतदानाच्या परंपरेत मुंडकाराने भाटकाराच्या बरोबरीने मत टाकल्याची ही पहिली वेळ. निकालाने सर्वांना चकित केले. बहुजन समाजाच्या बळावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि स्वतः बहुजन समाजातून वर आलेले खाणमालक बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

खाणमालकाने कुळांसाठी कायदे करावेत, ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. थोडा विचार केला तर ती स्वाभाविक ठरते. बांदोडकरांचा पैसा डोंगरातून येत होता, भाटातून नव्हे. भाटकारांच्या हितसंबंधांना हात घालायला ते मोकळे होते. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले आणि खंडावर मर्यादा आली. पुढच्या मुख्यमंत्री शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा झाला, आणि कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस कृषकदिन ठरवून त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाला मालक मानले. भाटकार न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे खटले चालले, पण पाया हलला तो हललाच. मुंडकाराला आपल्या घराखालची आणि भोवतालची जमीन, पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मिळाला. ‘उद्या ऊठ आणि चालता हो’ ही धमकी कायद्याने संपली. जोडीला गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरांत कोणी अक्षर गिरवले नव्हते, त्या घरांतून शिक्षक, तलाठी आणि परिचारिका निघाल्या.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय घेतला, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० अशा मतांनी. त्यावरचे वाद इथे उगाळण्याचे कारण नाही. कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला, तरी काही आठवड्यांतच मतदारांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसवले, एवढे ध्यानात घेतले की भाषेच्या, म्हणजे मराठी की कोकणी या, प्रश्नामागे जमिनीचा प्रश्न किती जोरकस होता ते कळते.

या कायद्यांनी एक गोष्ट मात्र बिघडवली, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गोव्यातली पुष्कळशी भातशेती खाजन जमिनीवर आहे. ही जमीन भरतीच्या पातळीखाली, खाडीपासून मातीच्या बांधाने राखलेली. बांधात लाकडी झडपांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात आणि खारे पाणी अडते, ओहोटीला शेतातले गोडे पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. बांध एका ठिकाणी जरी फुटला, तरी साऱ्या शेताची माती खारट होते. पूर्वी त्याची देखरेख गावकारी करत असे, कारण शेतातल्या उत्पन्नात तिचा वाटा होता. कुळे मालक झाली, गावकारीचे उत्पन्न गेले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कित्येक ठिकाणी या संघांना मानशीवरच्या मासळीच्या लिलावातून भातापेक्षा जास्त पैसा दिसू लागला. मासळीसाठी झडपा अवेळी उघड्या राहिल्या, खारे पाणी आत शिरले, आणि आज मांडवी-झुआरीच्या काठाने जाताना जिथे खारफुटी माजलेली दिसते, त्यांतली बरीच जागा एके काळी भातशेती होती. शेकडो तुकड्यांची मालकी वेगवेगळी करता येते, पण बांध एकच असतो.

खाणपट्ट्यांना मात्र या काळात कोणी हात लावला नाही. पोर्तुगीज अमलातले ते कायमचे परवाने रद्द होऊन साधे भाडेपट्टे झाले ते १९८७ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा. त्यानंतर चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. सावर्डे-कुडचडे, डिचोली या भागांत कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांची संख्या इतकी वाढली की २०१२ मध्ये उत्खनन थांबले, तेव्हा गावेच्या गावे हप्त्यांत अडकली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे पहिले लिलाव झाले.

खाणींच्या भागातल्या कुळाची स्थिती यातून विचित्र झाली आहे. १९७६ च्या दुरुस्तीने शेत त्याच्या नावावर केले, पण कायद्याने मालकी दिली ती पृष्ठभागाची. खालच्या खनिजावर हक्क दुसऱ्याचा. शिरगावसारख्या गावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, विहिरी आटल्या आणि पावसात डोंगरावरून उतरलेल्या खनिजमिश्रित गाळाने शेते भरली. सातबाराला समांतर असलेल्या गोव्याच्या एक-चौदा उताऱ्यावर नाव कुळाचे आहे, आणि शेतात भात पिकत नाही. त्याला भरपाई किती, ती कोणी द्यायची, आणि गाळ उपसून शेत पुन्हा लावणीला आणण्याचा खर्च नव्या लिलावधारकाचा की जुन्या पट्टेदाराचा, हे प्रश्न आता भाटकार आणि कूळ यांच्यामधले राहिलेले नाहीत. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत आणि उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या इमारतीत मांडले जातात.